धातुशोधक : छंद, कायदा आणि अचौर्य

धातुशोधक यंत्र म्हटले की विमानतळाच्या किंवा मोठ्या देवस्थानाच्या दारातील चौकट डोळ्यांपुढे येते. त्याच तत्त्वावर चालणारे, लांब दांडीच्या टोकाला ताटलीसारखी चकती असलेले हाती धरण्याचे यंत्र आता घरबसल्या मागवता येते. युरोप-अमेरिकेत असंख्य लोक सुटीच्या दिवशी असे यंत्र घेऊन उद्यानांत, समुद्रकिनाऱ्यांवर आणि नांगरलेल्या शेतांत फिरतात. कानाला हेडफोन लावायचा, चकती जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवायची आणि नाद उमटला की तेथे वीतभर खणून पाहायचे, असा हा छंद. तो हळूहळू आपल्याकडील तरुणांनाही खुणावू लागला आहे.

कागल तालुक्यातील बिद्री हे कोल्हापूर-गारगोटी मार्गावरील गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा गावात शहरी उद्यानांची जागा शाळेचे पटांगण, बाजाराची मोकळी जागा, जत्रेचे मैदान, नदीकाठ आणि ऊसतोडीनंतर उघडे पडलेले रान घेते. मुलाने हट्टाने यंत्र मागवले, तर तो प्रथम येथेच ते फिरवणार. त्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर तयार ठेवले पाहिजे : मातीतून जे निघेल ते कोणाचे? व्यापारी घराण्यांना हा प्रश्न दोन्ही बाजूंनी भेटतो. एखादे दिवशी आपलाच मुलगा काही शोधून आणतो, तर एखादे दिवशी कोणी अनोळखी माणूस मातीने माखलेली नाणी घेऊन आपल्या पेढीची पायरी चढतो.

मातीतून धातू शोधण्याची जुनी रीत

यंत्र नवे असले तरी मातीतून मौल्यवान कण वेचण्याचे काम आपल्याला नवे नाही. सराफ पेठांतून झारेकरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय केला आहे. सोनाराच्या दुकानापुढील धूळ, भट्टीतील राख आणि गटारातील गाळ गोळा करायचा, तो पाण्यात धुऊन गाळायचा आणि तळाशी उरलेले सोन्या-चांदीचे कण वेगळे काढायचे, हे मोठ्या चिकाटीचे काम. कोल्हापूरच्या गुजरीत किंवा चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीत ज्यांचा उदीम आहे, त्यांना कारखान्यातील केराचेही मोल ठाऊक असते. त्या व्यवसायात एक शिस्त आहे. दुकानाच्या आतील केर दुकानदाराचा असतो. तो त्याच्या संमतीने आणि ठरलेल्या व्यवहारानेच उचलला जातो. नव्या छंदाने जुन्या व्यवसायाकडून शिकावी अशी ही पहिली गोष्ट होय.

यंत्राचे कार्य आणि मर्यादा

यंत्राच्या चकतीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून दिशा सतत बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो आणि जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्या अंगात सूक्ष्म प्रवाह फिरू लागतात व त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते. दुसरे वेटोळे ते क्षेत्र टिपते. मूळ लहर आणि परत आलेली लहर यांतील अंतरावरून वस्तू लोखंडाची असावी, की तांबे-चांदीसारख्या सुवाहक धातूची, याचा अंदाज यंत्र करते आणि तो आवाजाच्या पट्टीने किंवा पडद्यावरील अंकाने सांगते.

या कल्पनेला जवळजवळ दीड शतकाचा इतिहास आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरात रुतलेली ती गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच एक उपकरण आणले होते. पलंगातील पोलादी स्प्रिंगांमुळे त्याच्या नादात गोंधळ झाला आणि डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली. गोळी सापडली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी हाती धरण्याचे सुरुंगशोधक यंत्र तयार केले आणि १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील एल अलामीनच्या लढाईत ते वापरले गेले. आजचे छंदाचे यंत्र त्याच कुळातले आहे.

नवख्या माणसाने या यंत्राच्या मर्यादा आधी समजून घ्याव्यात. नाण्याएवढी वस्तू साधारणपणे वीतभर खोलीपर्यंतच कळते. हंड्यासारखी मोठी वस्तू थोडी अधिक खोल असली तरी समजते. पातळ सोनसाखळीचा नाद फारच क्षीण येतो. सोन्याची लहान अंगठी आणि चुरगळलेला ॲल्युमिनियमचा कागद यांचा अंक बऱ्याचदा एकच येतो. आपल्या भागातील माती ही आणखी एक अडचण. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या मातीत चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात आणि राधानगरी-भुदरगडकडील जांभ्याची तांबडी माती तर लोहाच्या ऑक्साइडनेच रंगलेली असते. अशा जमिनीवर यंत्र विनाकारण बोलू लागते. म्हणून प्रत्येक जागी मातीप्रमाणे त्याचे संतुलन करून घ्यावे लागते.

यावरून एक व्यवहारी इशारा ओघानेच येतो. अर्धा किलोमीटरवरून सोने दाखवणारे, दहा-वीस फूट खोल पुरलेले गुप्तधन ओळखणारे यंत्र म्हणून जे काही विकले जाते, ती निव्वळ फसवणूक आहे. गुप्तधनाच्या लोभाने मांत्रिकाच्या नादी लागून घरेदारे गमावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात नव्या नाहीत. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने, मौल्यवान वस्तू वा गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष व अघोरी कृत्येही गुन्हा ठरवली आहेत. मांत्रिकाची जागा चकचकीत पेटीने घेतली, एवढ्याने लोभाचे स्वरूप बदलत नाही.

मैदानात काय सापडते?

पटांगणावर किंवा उद्यानात यंत्र फिरवणाऱ्याला प्रथम खिळे, तारा, बाटल्यांची बुचे, औषधाच्या गोळ्यांची वेष्टने आणि ॲल्युमिनियमचे तुकडे सापडतात. शोधकाचे बहुतेक श्रम यांतच जातात. मधूनच एखादे नाणे निघते, आणि नाण्यांच्या धातूत देशाचा अर्थविषयक इतिहासच साठलेला असतो.

ब्रिटिश अमदानीतील चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. त्यात अकरा-द्वादशांश शुद्ध चांदी असे. दुसऱ्या महायुद्धात चांदी टंचाईची झाली, तेव्हा १९४० पासून हे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून मधोमध छिद्र असलेला पैसा काढण्यात आला. वृद्धांच्या आठवणीतील भोकाचा पैसा तो हाच. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली. १ जून १९६४ पासून ‘नया पैसा’ यातील ‘नया’ शब्द गेला. पुढे ॲल्युमिनियमच्या हलक्या नाण्यांचा काळ आला. १९९२ पासून रुपयाचे नाणे पोलादाचे झाले. गमतीची बाब अशी की, लोखंड वगळण्याची कळ दाबून ठेवली तर हे पोलादी रुपये यंत्र खिळ्यांबरोबरच वगळू शकते. जुन्या वसाहतींच्या आसपास तांब्याची शिवराईही कधीतरी हाती लागते, आणि तेथून प्रश्न वेगळा होतो. शिवराई ही हरवलेली चिल्लर राहत नाही. ती पुरावशेष ठरते.

कायदा काय सांगतो?

सापडलेल्या वस्तूविषयी आपल्याकडे एक नव्हे, अनेक कायदे आहेत. कोणता कायदा लागू होईल, हे वस्तू किती जुनी आहे आणि कशी सापडली यावर ठरते.

हल्लीच हरवलेल्या वस्तूचा विचार प्रथम करू. कोणाची अंगठी, साखळी वा घड्याळ सापडले, तर भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७१ लागू होते. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने सांभाळायला घेणाऱ्यावर जी जबाबदारी असते, तीच सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर येते. कलम १६८ अन्वये, मालकाचा शोध घेण्यासाठी व वस्तूच्या जपणुकीसाठी झालेल्या श्रम-खर्चाची भरपाई मिळेपर्यंत ती स्वतःकडे ठेवता येते. मालकाने बक्षीस जाहीर केले असेल, तर ते मागताही येते. परंतु मालकाचा पुरेसा शोध न घेता वस्तू स्वतःच्या उपयोगात आणली, तर तो अप्रामाणिक अपहार होतो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये असलेली ही तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आहे.

जमिनीत दडलेल्या जुन्या धनासाठी १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जमिनीत अथवा जमिनीशी जोडलेल्या बांधकामात दडलेली सापडली, तर ती काय आहे, अंदाजे किती आहे, कोठे व कोणत्या तारखेस सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. आणि ती सरकारी तिजोरीत जमा करावी लागते किंवा मागताक्षणी हजर करण्याची हमी द्यावी लागते. हा कायदा झाला तेव्हा दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांचे चांदीचे नाणे होते. आज त्या मर्यादेत चहाचा एक पेलाही जेमतेम बसतो. म्हणजे व्यवहारात जवळपास प्रत्येक जुने नाणे या कायद्याच्या कक्षेत येते.

त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांच्या अंतराने ठरवलेल्या दिवशी बोलावतात. धन शंभर वर्षांच्या आत, हक्क सांगणाऱ्याने वा त्याच्या पूर्वजांनी पुरले असावे असे दिसले, तर दिवाणी न्यायालयात जाण्यास मुदत दिली जाते. तसा मालक नसेल तर धन बेवारस ठरते. जागेच्या मालकाने हक्क सांगितला आणि दोघांत आधी काही करार झालेला नसेल, तर शोधणाऱ्यास तीन-चतुर्थांश व जागामालकास एक-चतुर्थांश मिळते. सरकारला ते धन हवे असल्यास धातूचे मूल्य आणि त्याचा एक-पंचमांश अधिक देऊन ते घेता येते. वर्दी न देता धन लपवले, तर शोधणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड वा दोन्ही होऊ शकतात.

‘जमिनीशी जोडलेल्या बांधकामात’ हे शब्द व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावेत. जुना वाडा पाडताना भिंतीच्या कोनाड्यात वा जोत्यात नाण्यांचे भांडे सापडते, तेव्हा मजूर, ठेकेदार आणि भाऊबंद यांच्यात रातोरात वाटणी होते आणि पुढे वर्षानुवर्षे कज्जा चालतो. वाडा उतरवण्यापूर्वीच सर्व वाटेकऱ्यांनी लेखी ठरवून ठेवावे आणि काही निघाल्यास त्याच दिवशी वर्दी द्यावी. कायद्याचा मार्ग सावकाश असला तरी त्यात घर फुटत नाही.

याखेरीज १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती व अन्य कलावस्तू हे पुरावशेष होत. मूर्तींसारख्या अधिसूचित वस्तूंची नोंदणी सक्तीची आहे, त्यांच्या व्यापारास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पन्हाळ्यासारख्या संरक्षित ठिकाणी तर परवानगीवाचून माती उकरणेही गुन्हा आहे. तेथे यंत्र नेण्याचा मोहच टाळावा.

ठेवा अखंड राहिला तर

हे निर्बंध पाहून कोणास वाटेल की चार नाण्यांसाठी सरकारने एवढा बाऊ का करावा? याचे उत्तर महाराष्ट्रातीलच दोन घटनांत आहे.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. तो एकत्रितपणे अभ्यासकांच्या हाती आला. तेरा हजार दोनशेंहून अधिक नाणी क्षहरात राजा नहपान याची होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडून काढली आणि त्याचेच चलन आपल्या नावाने फिरवले, याचा धातूत उमटलेला पुरावा तो हाच. तीच नाणी वाटून घेऊन आटवली असती, तर काही शेर चांदी मिळाली असती आणि इतिहासाचे एक पान कायमचे गेले असते.

दुसरी घटना १९७४ ची. अहमदनगर जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे छबू लक्ष्मण भिल यांना झाडाचे मूळ खणताना चार भरीव धातुशिल्पे सापडली : बैलजोडीचा रथ व त्याचा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक होते. मोडीच्या भावाने त्याची मोठीच रक्कम झाली असती. परंतु ती पुरातत्त्व खात्याकडे पोहोचली आणि त्यानंतरच्या वर्षांत तेथे झालेल्या विस्तृत उत्खननातून महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची ओळख अधिक स्पष्ट झाली.

आपल्या कोल्हापुरातही पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीने असेच दान दिले आहे. राजाराम कॉलेजातील प्रा. के. जी. कुंदनगार यांनी तेथे शोध घेतला आणि १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. रोमन जगाशी असलेल्या व्यापाराची साक्ष देणारी समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तेथलीच. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. ब्रह्मपुरीवर मिळालेल्या सातवाहनकालीन नाण्यांत शिशाचीही पुष्कळ नाणी आहेत. यंत्रावर शिशाचा नाद बाटलीच्या टिनपटासारखा येऊ शकतो. नवख्याने कचरा म्हणून फेकलेला तुकडा दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजारातला असू शकतो.

जैन वाचकांना तर या भूमीविषयी अधिकच जपणूक वाटली पाहिजे. कागल तालुक्यातीलच बामणी येथे शिलाहार राजा विजयादित्याचा शके १०७३ चा शिलालेख आहे. पार्श्वनाथ मंदिरासाठी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे जमिनीतून निघालेल्या जैन धातुप्रतिमा नागपूरच्या संग्रहालयात जतन झाल्या. बडोद्याजवळील अकोटा येथे १९५१ मध्ये मिळालेल्या जैन कांस्यप्रतिमांवर डॉ. उमाकांत शाह यांनी केलेला अभ्यास जगभर मानला गेला. या प्रतिमा भंगाराच्या दुकानात गेल्या असत्या तर त्यांच्यावरील लेख, दात्यांची नावे आणि शिल्पपरंपरेचा दुवा, सारेच वितळून गेले असते. जमिनीतून जिनप्रतिमा निघाल्यास भक्तिभावाने घाईघाईने घासूनपुसून ती वेदीवर बसवण्याऐवजी, ती होती त्या स्थितीत राखून अधिकाऱ्यांना कळवणे, हीच तिची पहिली सेवा होय.

परदेशातील दोन उदाहरणे

ब्रिटनमध्ये हा छंद फार रुजला आहे. १९९२ मध्ये सफोक परगण्यातील हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधून देण्यासाठी एरिक लॉज हे त्यांचे परिचित गृहस्थ धातुशोधक घेऊन गेले आणि त्यांना रोमन काळातील सोन्या-चांदीच्या सुमारे पंधरा हजार नाण्यांचा व दागिन्यांचा ठेवा लागला. थोडी नाणी हाती येताच त्यांनी खणणे थांबवले आणि कळवले. त्यामुळे पेटीत वस्तू कोणत्या क्रमाने ठेवल्या होत्या, हेही तज्ज्ञांना पाहता आले. साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस त्यांना मिळाले व त्यांनी ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हरवलेला हातोडाही सापडला. आज तो त्या ठेव्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

याच्या उलट, २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघा शोधकांना व्हायकिंग काळातील ठेवा मिळाला. त्यांनी तो न कळवता गुपचूप विकायला काढला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी एकतीसच परत मिळाली आणि २०१९ मध्ये दोघांना दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. रीतसर कळवले असते, तर कायद्याने त्यांना मोठा वाटा मिळालाच असता.

ब्रिटनमध्ये छंदिष्टांना मिळालेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी सरकारी मदतीची योजना १९९७ पासून चालते आणि तीत दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. म्हणून येथे हा छंद हरवलेल्या अलीकडच्या वस्तू शोधण्यापुरता आणि परवानगीच्या जागेपुरताच राखणे शहाणपणाचे.

श्रावकाची कसोटी

कायद्याच्या कितीतरी आधी आपल्या आचार्यांनी या प्रश्नाचा निर्णय दिला आहे. अचौर्याणुव्रत म्हणजे केवळ चोरी न करणे नव्हे. न दिलेले न घेणे हा त्याचा गाभा. श्वेतांबर परंपरेतही ‘अदत्तादान’ हाच शब्द आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात या अणुव्रताचे लक्षण सांगताना दुसऱ्याने ठेवलेली, पडलेली आणि विसरलेली अशा तिन्ही प्रकारच्या वस्तूंचा उल्लेख केला आहे. धातुशोधकाला मातीत जे काही मिळते, ते या तीनपैकी एका प्रकारात येतेच. पुरलेला हंडा ठेवलेला असतो, खिशातले नाणे पडलेले असते, झाडाखाली काढून ठेवलेली अंगठी विसरलेली असते.

त्याच ठिकाणी आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे : अशी वस्तू स्वतः घेऊ नये आणि उचलून दुसऱ्यालाही देऊ नये. ‘आम्ही घरी ठेवत नाही, मंदिराच्या भांडारात टाकतो’ असे समाधान आपण पुष्कळदा करून घेतो. व्रताच्या दृष्टीने ते पुरेसे नाही. जी वस्तू आपली नाही, तिचे दानही आपल्याला करता येत नाही. मालकाचा शोध आणि तो न लागल्यास योग्य अधिकाऱ्याकडे सुपूर्द करणे, हाच सरळ मार्ग.

पेढीवर बसणाऱ्यांसाठी या व्रताचे अतिचारही तितकेच बोलके आहेत. चोरीचा माल घेणे आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून व्यवहार करणे, ही दोन्ही अतिचारांतच गणली आहेत. मातीने माखलेली जुनी नाणी वजनाच्या भावात कोणी देऊ लागला, तर ‘आम्ही फक्त धातू घेतला’ हे उत्तर ना न्यायालयात टिकते, ना सामायिकात. एका मूसभर चांदीच्या नफ्यासाठी पिढ्यांची पत पणाला लावण्यासारखे त्यात काही नाही.

दुसरी कसोटी अनर्थदंडाची. प्रयोजनाशिवाय जमीन उकरणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे याला आचार्यांनी प्रमादचर्या म्हटले आहे. मातीत पृथ्वीकायिक जीव आहेत, गांडुळे व कीटक आहेत. केवळ मौजेखातर दिवसभर पन्नास खड्डे पाडणे श्रावकाला शोभत नाही. प्रयोजन असेल तेथे, नेमक्या जागी, यत्नाचाराने आणि शक्य तितके कमी खणावे. पावसाळ्यात, विशेषतः चातुर्मासात, जीवोत्पत्ती अधिक असते, तेव्हा हा छंद मिटून ठेवावा.

नवख्याने प्रारंभ कसा करावा?

यंत्राच्या किमती काही हजारांपासून लाखापुढे जातात. सुरुवातीला साधे यंत्र पुरे. पहिले प्रयोग घराच्या अंगणातच करावेत : खिळा, पितळेचा स्क्रू, चांदीची जोडवी, एक-दोन नाणी वेगवेगळ्या खोलीवर पुरून प्रत्येकाचा नाद ओळखायला शिकावे. चकती जमिनीला समांतर व संथ फिरवावी. हेडफोन वापरावा, म्हणजे इतरांना उपद्रव होत नाही.

बाहेर जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि ती शक्यतो लेखी असावी. शेत असेल तर मालकाची, शाळा असेल तर मुख्याध्यापकांची, गायरान वा बाजारपट्टा असेल तर ग्रामपंचायतीची, मंदिराचे आवार असेल तर विश्वस्तांची. कोल्हापूरला पाहुणे म्हणून गेलेल्या मुलाने महावीर उद्यानात यंत्र काढायचे म्हटले, तर महापालिकेच्या संमतीवाचून एक ढेकूळही हलवू नये. वीजवाहिनी व जलवाहिनी कोठून जाते हे विचारून घ्यावे.

खणताना अरुंद खुरपे वापरावे. गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उचलावा, माती फडक्यावर काढावी आणि नंतर जशीच्या तशी भरून दाबावी. हातमोजे घालावेत व धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. बॉम्बगोळ्यासारखे काही दिसले तर हात न लावता पोलिसांना कळवावे. एकापेक्षा अधिक जुनी नाणी, भांडे वा मूर्तीचा भाग दिसताच खणणे तेथेच थांबवावे.

सर्वांत महत्त्वाची ती नोंदवही. व्यापाऱ्याच्या मुलाला कीर्द लिहायला शिकवावे लागत नाही. दिनांक, जागा, परवानगी कोणाची, खोली, वस्तूचे वर्णन आणि ती कोणाकडे दिली, असे सहा रकाने आखावेत. शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर तो व्यवहार अपुरा समजावा.

छंदाचे खरे उत्पन्न

मग या छंदात उरले काय, असे कोणी विचारील. उरते ते पुष्कळ आहे. लग्नाच्या मांडवात हरवलेले मंगळसूत्र, भांगलणीत बोटातून निसटलेली अंगठी, ऊसतोडीत पडलेला कोयता हे शोधून देणारा मुलगा गावात असेल, तर त्याच्या यंत्राचे मोल पहिल्याच दिवशी वसूल होते. वैरणीतून खिळा किंवा तार पोटात गेल्याने जनावर कसे खंगते आणि कधी दगावते, हे प्रत्येक गोठेवाल्याला ठाऊक आहे. गोशाळेच्या आवारातून आणि कडब्याच्या गंजीभोवती यंत्र फिरवून असे लोखंड वेचून काढणे, ही जीवदयाच आहे.

आणि आपल्या त्यागी मुनिराजांचा विहार अनवाणी होतो. संघाचा मुक्काम ठरला की स्वागताच्या कमानी उभ्या राहतात, मांडव पडतो आणि ठोकलेले खिळे व तोडलेल्या तारा मातीत तशाच राहतात. मंदिराचे आवार, मांडवाची जागा आणि शेवटचा अर्धा कोस आदल्या दिवशी या यंत्राने तपासला, तर कितीतरी पाय वाचतील. येथे जे सापडते त्याच्यावर कोणाचा हक्क नसतो, ते परत मागायला कोणी येत नाही, आणि ते उचलल्याने कोणाचे काही जात नाही. तरुण मंडळांनी एखादे यंत्र सामाईक घेऊन हे काम आपल्याकडे घ्यावे. नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात ‘विहारमार्गावरून काढले’ एवढे लिहावे आणि लोखंड मोडीत घालावे.